करडईचा कोणता वाण भारी? आधी तुलना नीट करूया!

आजच्या भागाचं हे लेखी रूप.

करडई म्हटलं की तेलाचा डबा आठवतो. पण ही औषधी वनस्पतीसुद्धा आहे बरं का! चीनमध्ये तिच्या वाळलेल्या पाकळ्या औषधात वापरतात. आपल्या सोलापुरात मात्र सगळं लक्ष दाण्यावर. इथली काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि करडईचं सोटमूळ त्या ओलीपर्यंत खोल जातं.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भीमा, फुले चंद्रभागा हे वाण आपल्याकडे माहितीचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा नारी-६ हा बिनकाट्याचा.

मग जास्त पिकतो कोणता? इथेच गडबड होते. एकाचं पीक खोल जमिनीत, दुसऱ्याचं मुरमाड रानात, आणि आपण म्हणतो, "त्याचा वाण भारी!" तो फरक वाणाचा नाही, ओलीचा असू शकतो.

खरी तुलना अशी: एकच रान, एकाच दिवशी पेरणी, सारखं अंतर, सारखं खत. प्रत्येक वाणाचे तीन-चार तुकडे, तेही रानात वेगवेगळ्या जागी. बांधाकडच्या ओळी सोडून मधली १० चौरस मीटर जागा कापायची, दाणे वाळवून तोलायचे. १ किलो भरलं तर हेक्टरी १० क्विंटल, म्हणजे एकरी साधारण ४ क्विंटल. हिशेब मोबाईलवरसुद्धा होतो.

पण नुसतं वजन पुरेसं नाही. समजा, एक वाण हेक्टरी १२ क्विंटल देतो, तेल २८ टक्के. म्हणजे ३३६ किलो. दुसरा १० क्विंटलच देतो, पण तेल ३५ टक्के. म्हणजे ३५० किलो. घाण्यावर तेल काढून विकणार असाल, तर कमी पिकलेला वाण पुढे गेला की!

आणि काटे? काट्यांमुळे कापणीला माणसं मिळत नाहीत आणि लोक करडईच सोडतात. बिनकाट्याच्या वाणात कापणी सोपी, शिवाय पाकळ्याही हाताने वेचता येतात. फूल सुकायला लागल्यावर पाकळ्या वेचल्या, तर आत दाणा भरायचं काम थांबत नाही.

तेव्हा यंदा बियाणं घेताना "किती क्विंटल?" एवढंच विचारू नका. कुठल्या जमिनीत, किती ओलीवर, तेल किती, कापणीचा खर्च किती, हेही विचारा. आणि घरी करडई पेरत असाल, तर हा भाग आई-बाबांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात!