राउटर बदलला आणि प्रिंटर अबोल झाला

कचेरींत नवा राउटर बसला कीं इंटरनेट पूर्वीपेक्षां वेगानें धांवूं लागतें, सर्वांस आनंद होतो, आणि घटकाभरांतच कोणी तरी ओरडतो, "प्रिंटर बंद पडला!" दूरध्वनीच्या तांब्याच्या तारा जाऊन काचतंतु आले, त्यांबरोबर जुने मॉडेमही गेले, तेव्हांपासून जळगांवांत व धुळ्यांत हा प्रकार मीं पुष्कळदां पाहिला आहे. डाळमिलच्या फाटकाशीं भरलेला ट्रक उभा असतो, चालक खोळंबलेला असतो, आणि बिल कांहीं छापून निघत नाहीं. अशा घाईंत मालक नवा प्रिंटर आणावयास माणूस पिटाळतात. तो खर्च बहुधा व्यर्थ जातो. प्रिंटर बिघडलेला नसतो. त्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो.

आपल्याच प्रांताचें उदाहरण घ्या. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळें निघालें. तरीही शहाद्याच्या पत्रावर कोणीं चुकून जुना जिल्हा लिहिला, तर टपालखात्यांतील माणसें तें समजून घेतात. संगणकाच्या अंगीं एवढें शहाणपण नाहीं.

राउटर कचेरींतील प्रत्येक यंत्रास एकेक क्रमांक वाटून देतो. १९९६ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें कांहीं क्रमांक खासगी वापरासाठीं राखलेले आहेत, १९२.१६८ नें आरंभ होणारे त्यांपैकींच. जुन्या राउटरनें प्रिंटरास १९२.१६८.०.२५ हा क्रमांक दिला असेल, तर नवा १९२.१६८.१.७ असा कांहीं तरी देईल. तिसरा आंकडा पालटला म्हणजे जणूं जिल्हाच पालटला. संगणकानें मात्र जुना क्रमांक टिपून ठेविलेला असतो. तो तेथेंच कागद धाडीत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' हा शब्द उमटतो.

म्हणून संगणकाशीं झटापट करण्यापूर्वीं प्रिंटरकडे जावें. बहुतेक प्रिंटर आपल्या जोडणीची माहिती एका कागदावर स्वतःच छापून देतात. त्यावरील क्रमांक पाहावा. तो १६९.२५४ नें सुरू होत असल्यास प्रिंटरास कोणींच पत्ता दिलेला नाहीं. तो राउटरपर्यंत पोंचलाच नाहीं असें समजावें. बिनतारी प्रिंटर जुन्याच वायफायचें नांव घेऊन दार ठोठावीत असतो. त्यास नवें नांव व पासवर्ड द्यावा. याहून सोपी युक्ति अशी कीं, नव्या राउटरलाच जुनें नांव व जुना पासवर्ड अक्षरशः तसाच द्यावा, म्हणजे बहुतेक यंत्रें आपण होऊन जोडलीं जातात. साध्या प्रिंटरांस बहुधा २.४ गिगाहर्ट्झचीच लहर कळते, ५ ची नव्हे. पाहुण्यांसाठीं काढलेल्या निराळ्या वायफायवर तर प्रिंटर मुळींच जोडूं नये. तेथें यंत्रांस एकमेकांचें दर्शन होऊं देत नाहींत.

नवा क्रमांक हातीं आला कीं संगणकांत प्रिंटरच्या गुणधर्मांत 'पोर्ट' या सदरीं तो भरावा. मग राउटरमध्यें तोच क्रमांक त्या प्रिंटरच्या नांवें कायमचा राखून ठेवावा. हें काम पांच मिनिटांचें, परंतु बसवावयास आलेला मनुष्य तें सहसा करीत नाहीं. इंटरनेट चाललें कीं तो सही घेऊन निघून जातो. आपण आग्रह धरावा.

आपल्याकडील लहान पेढ्यांत एक प्रिंटर तारेनें एका संगणकास जोडून बाकीच्यांनीं तोच वापरण्याची रीत आहे. तेथें दुखणें निराळें. नवा राउटर दिसतांच विंडोज त्यास अनोळखी जाळें मानून पुष्कळदां 'पब्लिक' ठरवितें व शेजाऱ्यांस दार बंद करतें. त्या संगणकावर तें 'प्रायव्हेट' करावें. मात्र हें आपल्या कचेरींतच. स्टेशनावरील वा उपाहारगृहांतील वायफायवर कदापि नव्हे.

आणि छपाई पुन्हां सुरू करण्यापूर्वीं तुंबलेलीं जुनीं कामें रद्द करावीं. गोंधळाच्या वेळीं प्रत्येकानें पांच-सहा वेळां बटण दाबलेलें असतें, आणि वाट मोकळी होतांच तें एकच बिल ओळीनें बाहेर पडूं लागतें.