कांदा दहा मिनिटांत खरपूस होत नाही : टार्टच्या निमित्ताने 'मेथड' कशी वाचावी

एखाद्या पेपरमधली पद्धत तुम्ही जशीच्या तशी केली आणि तरीही निकाल आला नाही, तर मनात पहिला विचार काय येतो? बहुतेकांच्या मनात एकच येतो, 'माझंच काहीतरी चुकलं असणार.' संशोधनात नव्याने येणारा विद्यार्थी छापलेल्या शब्दावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. कधी चूक खरंच आपली असते. पण कधी लिहिलेली पद्धतच अपुरी किंवा सरळ चुकीची असते. हा फरक ओळखायचा कसा, ते आज स्वयंपाकघरातल्या एका पदार्थावर बघू : पफ पेस्ट्रीवरचा कांद्याचा टार्ट.

पदार्थ काय आहे?

कांद्याचे टार्ट मूळचे युरोपातले. फ्रान्सच्या दक्षिणेला नीस शहराचा 'पिसालादिएर' आहे : ब्रेडच्या पिठावर मंद आचेवर शिजवलेला कांदा, वर खारवलेले मासे आणि ऑलिव्ह. उत्तर-पूर्वेला अल्सास भागात कांदा, अंडी आणि क्रीमचा टार्ट करतात. घरी करताना अनेकजण खालच्या पिठाच्या जागी तयार पफ पेस्ट्री वापरतात, कारण वेळ वाचतो.

पफ पेस्ट्री आपल्याला परकी नाही. चहात बुडवून खातो ती खारी आणि बेकरीतलं पॅटीस, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. पिठाच्या पोळीत लोणी किंवा दुसरं स्निग्ध गुंडाळायचं, लाटायचं, तीन घड्या घालायच्या, पुन्हा लाटायचं. दर वेळी थर तिप्पट होतात. असं सहा वेळा केलं की ३ चा सहावा घात, म्हणजे लोण्याचे ७२९ थर. भट्टीत पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, तिचं आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट असतं, ती थरांना वर ढकलते. मधलं लोणी थरांना चिकटू देत नाही. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, फक्त वाफ.

यातून एक अट आपोआप निघते. भट्टीत जाईपर्यंत लोणी घट्ट राहिलं पाहिजे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच तेवढं तापमान असतं. 'पेस्ट्री थंड ठेवा' ही सूचना थंड देशात लिहिलेल्या पाककृतीत कदाचित अर्ध्या ओळीत उरकलेली असेल. तुमच्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. पेपर वाचतानाही हेच विचारा : लिहिणाऱ्याच्या जागेत आपोआप पूर्ण होणारी कोणती अट माझ्या जागेत पूर्ण होत नाही?

दहा मिनिटांचा दावा

आता कांद्याकडे येऊ. असंख्य पाककृतींत लिहिलेलं असतं : 'कांदा कॅरमलाइज होईपर्यंत परता, ५ ते १० मिनिटं.' तुम्ही परतता. दहा मिनिटांनी कांदा मऊ, काचेसारखा, फिकट पिवळा. गॅस मोठा केला तर कडा काळ्या आणि मधे कच्चा. चूक कोणाची?

इथे वाद घालत बसू नका, हिशोब करा. एक किलो कांद्यात सुमारे ८९० ग्रॅम पाणी असतं. गडद, जॅमसारखा झालेला कांदा साधारण ३०० ग्रॅम उरतो असं धरू, म्हणजे ७०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं पाहिजे. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे ७०० ग्रॅमसाठी अंदाजे १५८० किलोज्यूल. कांदा २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला अजून सुमारे ३०० धरा. एकूण १९०० किलोज्यूलच्या आसपास.

हे दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत करायचं तर ३००० वॉटपेक्षा जास्त उष्णता थेट कांद्यात शिरली पाहिजे. घरगुती इंडक्शन शेगडीवर जास्तीत जास्त २००० वॉटच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, आणि तोही सगळा कांद्यापर्यंत पोचत नाही. मध्यम आचेवर समजा ८०० वॉट पोचतात, तर उत्तर येतं सुमारे ४० मिनिटं.

आणि पाणी जाईपर्यंत थांबावं का लागतं? कढईत पाणी भरपूर आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. रंग आणि खमंगपणा देणाऱ्या दोन क्रिया, साखर जळत जाणं (कॅरमलायझेशन) आणि साखर व अमिनो आम्लं यांची मेलार्ड अभिक्रिया, याहून जास्त तापमानाला जोर धरतात. आधी पाणी जाणार, मग रंग येणार. हा क्रम गॅस मोठा करून बदलत नाही.

म्हणजे चूक तुमच्या हाताची नाही. आणि हे कळायला दुसरा किलो कांदा चिरावा लागला नाही. पेन, कागद आणि अकरावीचं भौतिकशास्त्र पुरलं. लॅबमध्ये तिसऱ्यांदा तोच प्रयोग फसायच्या आधी असा एक ढोबळ हिशोब करून बघा.

चुकीचा आकडा पसरतो कसा?

अमेरिकन पत्रकार टॉम स्कोका यांनी २०१२ मध्ये 'स्लेट'मध्ये नेमकं हेच लिहिलं : पाककृतींतली ५-१० मिनिटं खोटी आहेत. त्यांनी स्वतः करून पाहिलं तेव्हा आच शक्य तितकी मोठी ठेवून, सतत ढवळून २८ मिनिटं लागली आणि शांतपणे केल्यावर ४५.

पुढे काय झालं? २०१७ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न गूगलला विचारला की वर चौकटीत उत्तर येतं, सुमारे ५ मिनिटं. आणि आधार म्हणून त्यांचाच लेख! लेखात खोडून काढण्यासाठी दिलेलं वाक्य यंत्राने उचललं होतं आणि त्यांच्याच नावावर खपवलं होतं.

लिटरेचर रिव्ह्यू करताना हा किस्सा डोक्यात ठेवा. 'अमुक यांनी असं म्हटलं आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या पेपरमधून उचलून आपल्या प्रबंधात टाकायचा मोह सगळ्यांना होतो. मूळ पेपर उघडा. तो आकडा लेखकाचा निष्कर्ष आहे, की लेखक ज्याच्याशी भांडतोय त्याचा, एवढं तरी तपासा.

शॉर्टकट आणि त्याची किंमत

'चिमूटभर खायचा सोडा घाला, लवकर होईल' असंही सांगतात. हे खरं आहे. सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि मेलार्ड अभिक्रिया वेग घेते. पण त्याच अल्कधर्मीपणामुळे कांद्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि कांद्याचा लगदा होतो. रंग तोच, पदार्थ वेगळा. सूपला चालेल, टार्टवर नाही. पद्धत बदलली तर फक्त वेळ मोजू नका, निकाल तोच राहिला का तेही बघा.

तर करायचं कसं?

एक किलो कांदा उभा, पातळ, शक्यतो एकाच जाडीचा चिरा. जाड बुडाच्या पसरट कढईत दोन चमचे लोणी, कांदा आणि अर्धा चमचा मीठ. पाणी सुटेपर्यंत मध्यम आच, मग मंद. खाली लागायला लागलं की चमचाभर पाणी घालून खरवडून घ्या. ४५ मिनिटं ते एक तास धरून चला. थांबायची खूण घड्याळ नाही, रंग : काकवीसारखा. मग कांदा पूर्ण गार करा.

पेस्ट्री फ्रीजमधून काढल्याबरोबर तिच्या कडेपासून दोन सेंटीमीटर आत सुरीने हलकी चौकट आखा, आरपार कापू नका. आतल्या भागाला काट्याने टोचे मारा म्हणजे तो फुगणार नाही आणि कडा उठून येतील. आत कांदा पसरा, कडेला दूध किंवा अंडं लावा. आधीच २०० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटं, बूड खरपूस होईपर्यंत.

'कांदा गार करा' यावर विश्वास ठेवू नका, तपासा. एकाच शीटचे दोन चौकोन कापा. एकावर गरम कांदा, दुसऱ्यावर गार, दोन्हींवर वजन करून सारखाच. एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी. हा झाला तुमचा कंट्रोल. पण छोट्या ओव्हनमध्ये सगळीकडे उष्णता सारखी नसते. मागचा चौकोन जास्त भाजला तर फरक कांद्याचा की जागेचा? म्हणून दुसऱ्या खेपेला जागा बदलून पुन्हा करा. एवढ्या दोन चौकोनांत पायलट, कंट्रोल आणि कन्फाउंडिंग तिन्ही येऊन जातात.

शेवटी हे सगळं लिहून काढा आणि घरातल्या अशा माणसाला द्या ज्याने टार्ट कधी पाहिलेला नाही. शेजारी उभं राहा, पण तोंड उघडू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे तुमच्या लिखाणात एक ओळ कमी आहे. ती ओळ तुम्हाला इतकी उघड वाटली होती की लिहायची राहून गेली. उद्या तुमचा पेपर वाचून कोणी तरी दूरच्या लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत बसलेलं असेल. ती ओळ तुम्ही लिहिली असेल, तर 'माझंच चुकलं असणार' म्हणत बसायची वेळ त्याच्यावर येणार नाही.