रेडिएटर गळतोय? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

भर उन्हात खंबाटकी घाट चढताय, एसी चालू आहे आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकतोय. "एवढा घाट संपला की थांबू," असं वाटतं ना? इथेच इंजिनाची वाट लागते. कुलंट नसताना गाडी दामटली, तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि साध्या पाइपच्या खर्चाऐवजी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

कुलंट की एसीचं पाणी?
गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी दिसलं तर ते बहुतेक एसीचं असतं. त्याची काळजी नको. कुलंट मात्र हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. ते विषारी आहे, त्यामुळे सांडलं तर लगेच धुवा. कुत्री-मांजरं ते चाटतात.

खात्री करायची असेल, तर सकाळी थंड इंजिनावर, सपाट जागी कुलंटच्या टाकीचा मोबाइलवर फोटो काढा. तीन-चार दिवस असंच करा. पातळी खाली सरकत गेली, तर लीक आहे.

नेमकं कुठून गळतंय?
इंजिन थंड असताना मोबाइलची टॉर्च लावून बघा:

- वरचा-खालचा होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा
- प्लास्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी यांचा जोड
- खालचा ड्रेन प्लग
- वॉटर पंप

वाळलेले पांढरट किंवा रंगीत डाग दिसले, की समजा लीक तिथेच आहे. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि चिकट असेल, तर हीटर तपासून घ्या.

रस्त्यात गाडी तापली तर?
१. एसी बंद करा, हीटर फुल करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.
२. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका! आत दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही कुलंट उकळत नाही. झाकण फिरवताच ते उसळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा.
३. फॅनजवळ हात नेऊ नका. इंजिन बंद असलं तरी तो अचानक फिरू शकतो.
४. सगळं थंड झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूच सैल करा आणि कुलंट भरा. ते नसेल तर साधं पाणीही चालेल, पण गॅरेजपर्यंतच.

काटा पुन्हा वर चढला तर सरळ टोइंग बोलवा.

कायमचा उपाय
क्लिप ढिली असेल तर घट्ट करा. पाइप टोकाशी चिरला असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढा भाग कापून पुन्हा बसवता येतो. मधे चिरला असेल तर नवीनच घ्या. जाळीचं छोटं भोक रेडिएटरवाला झाळून देतो. प्लास्टिकची टाकी तडकली असेल, तर एम-सील फार दिवस टिकत नाही, ती बदलावीच लागते.

आणि हो, हळद टाकायचा जुना जुगाड किंवा लीक बंद करणारी पावडर? लीक थांबेलही, पण तोच गाळ बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये अडकू शकतो. अगदीच अडलात तरच वापरा आणि नंतर सिस्टीम धुऊन घ्या.

मेकॅनिककडे गेलात की आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. लीक डोळ्यांनी बघा, मगच पार्ट बदलू द्या.