ट्रॅक्टरच्या टायरवरील भाराचे व्यवस्थापन : नांदगाव तालुक्याच्या संदर्भात

नांदगाव हा नाशिक जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका होय. पडलेले अल्प पर्जन्य जमिनीत मुरणे हाच येथील शेतीचा आधार असल्याने टायरवरील भाराचा प्रश्न केवळ यंत्रापुरता राहत नाही.

हा भार मुख्यत्वे रबर नव्हे, तर आतील दाबयुक्त हवा पेलते. जमिनीवरील दाबही साधारणतः तिच्या दाबाइतकाच असतो. हवा अधिक भरल्यास टेकणारे क्षेत्र घटते, चाक घसरते, मातीचा वरचा थर घट्ट होतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. खालचा थर मात्र आसावरील एकूण वजनाने दबतो. तेथे हवा कमी करणे पुरेसे नसते.

कांद्याची ट्रॉली मनमाड वा नांदगावच्या बाजार समितीकडे निघाली की गरज उलट होते. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो, पुढील चाके हलकी होतात. कमी हवेचा टायर रस्त्यावरील वेगात तापून फुटू शकतो.

तात्पर्य, शेतात उत्पादकाच्या तक्त्यानुसार त्या भारास पुरेसा किमान दाब व रस्त्यावर वाढीव दाब ठेवावा. नांगरणीसाठी चाकांना लावलेली वजने पेरणीपूर्वी उतरवावीत आणि वाफसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर शेतात घालू नये.