जिवंतांची वंशावळ

कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची आपली परंपरा स्तुत्यच आहे. परंतु छापील ग्रंथ कुलबंधूंच्या कपाटांत राही. आंतरजालावरील वंशवृक्ष कोणाही परक्यास घरबसल्या उघडतां येतो. सुनेचें माहेरचें नांव, नातवाची जन्मतारीख, कोणाचा घटस्फोट, कोणाचें दत्तविधान, हें सर्व त्यांत पुष्कळदां संमतीवांचून लिहिलें जातें.

थोड्यांच्या गाफिलपणाचें फळ साऱ्या गोतास कसें भोगावें लागतें, तें पाहा. २०२३ सालीं ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या आनुवंशिक तपासणी करणाऱ्या अमेरिकन कंपनींत, एकच परवलीचा शब्द अनेक ठिकाणीं वापरणाऱ्यांचीं सुमारें १४ हजार खातीं चोरट्यांनीं उघडलीं. पण नातलगांच्या जोडणीमुळें सुमारें ६९ लक्ष लोकांची माहिती त्यांच्या हातीं लागली.

‘फॅमिलीसर्च’ या संस्थेचा नियम अनुकरणीय आहे. मृत्यूची नोंद नसल्यास जन्मापासून ११० वर्षांपर्यंत व्यक्ति जिवंत मानावयाची आणि तिची नोंद सर्वांस दाखवावयाची नाहीं.

आमचें सांगणें इतकेंच कीं, पूर्वजांविषयीं मनमोकळें लिहावें. जिवंत व्यक्तीच्या जागीं मात्र ‘हयात’ एवढाच शब्द घालावा, आणि अधिक लिहावयाचें तें तिला विचारूनच. पितृऋण फेडावें, पण घरांतील माणसांचा विश्वास मोडून नव्हे.