पालक-बालक गट : वॉल्डॉर्फ-प्रेरित बालशिक्षणातील एक प्रयोग

१. विषयप्रवेश

बालशिक्षणाच्या संस्थांचा विचार करताना आपण सामान्यतः असे गृहीत धरतो की, मूल संस्थेच्या दाराशी आईपासून वेगळे होते आणि त्यानंतर शिक्षणास आरंभ होतो. किंडरगार्टन, बालमंदिर, बालवाडी या संस्थांची रचना बहुतांशी याच गृहीतावर उभी आहे. प्रस्तुत लेखात ज्या संस्थेचा परिचय करून द्यावयाचा आहे, तिच्यात ही ताटातूट मुळी घडतच नाही. काही महिन्यांपासून सुमारे तीन वर्षांपर्यंतची मुले आणि त्यांचे आई, वडील किंवा आजी-आजोबा आठवड्यातून एकदा दीड-दोन तास एकत्र जमतात. कोणी कोणाला सोडून जात नाही. ग्रेट ब्रिटन व अमेरिका या देशांत असे गट वॉल्डॉर्फ शाळांच्या आवारात चालतात; तसेच ते शाळेशी संबंध नसलेल्या ठिकाणीही चालतात. एखादे चर्चचे सभागृह, खेड्यातील समाजगृह किंवा सभासदाचे घर एवढेच त्यांचे भांडवल असते. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे समाजाने स्वतः चालविलेल्या गटांचा विचार येथे मुख्यतः केला आहे.

अशा गटात शिकवावयाचे काय आणि कोणाला, हा पहिला प्रश्न होय. दोन वर्षांच्या मुलास आठवड्यातील दोन तासांत काही विशेष शिकविता येईल, असा दावा कोणी विचारी मनुष्य करणार नाही. उरलेले एकशे सहासष्ट तास ते घरीच असते. तेव्हा गटाचा परिणाम व्हावयाचा असेल तर तो त्या उरलेल्या तासांवर, म्हणजे घरातील प्रौढांच्या वागण्यावर झाला पाहिजे. गटाचा खरा विद्यार्थी पालक आहे, ही गोष्ट एकदा मान्य केली की त्याच्या व्यवस्थेतील बहुतेक तपशिलांचा उलगडा होतो, आणि त्याचे दोषही तेथूनच दिसू लागतात.

२. पूर्वपीठिका

वॉल्डॉर्फ हे नाव एका सिगारेट कारखान्यावरून आले आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया कारखान्याचे संचालक एमिल मोल्ट यांच्या विनंतीवरून ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी सप्टेंबर १९१९ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. तथापि लहान मुलांविषयीचे त्यांचे मुख्य प्रतिपादन १९०७ मधील एका निबंधात आधीच आलेले होते. पहिल्या सात वर्षांत मूल उपदेशाने शिकत नाही, ते अनुकरणाने शिकते. म्हणून भोवतालच्या प्रौढांनी स्वतः अनुकरणास योग्य असावे, असा त्याचा आशय आहे. याच निबंधात त्यांनी जुन्या हातरुमालास गाठी मारून केलेल्या बाहुलीचे उदाहरण दिले. बाहुली जितकी अपुरी, तितके मुलाच्या कल्पनेला काम अधिक, हा त्यांचा विचार पुढे या पद्धतीच्या सर्व खेळण्यांना लागू झाला.

स्टायनर १९२५ मध्ये निवर्तले. पहिले वॉल्डॉर्फ किंडरगार्टन त्यानंतर १९२६ मध्ये एलिझाबेथ फॉन ग्रुनेलियस यांनी श्टुटगार्ट येथे सुरू केले. नाझी राजवटीत १९३८ साली तेथील शाळा बंद झाली व महायुद्धानंतर पुन्हा उघडली. आज पालक-बालक गट या नावाने जो प्रकार ओळखला जातो, तो मात्र स्टायनर यांनी घालून दिलेला नाही. तो बराच उत्तरकालीन आहे आणि त्यात आणखी दोन प्रवाह मिसळलेले दिसतात. पहिला प्रवाह बुडापेस्ट येथील बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांचा. लोत्सी रस्त्यावर १९४६ मध्ये त्यांनी चालू केलेल्या शिशुगृहात मुलास बसविणे, उभे करणे, चालविणे या गोष्टी प्रौढांनी करावयाच्या नाहीत, त्याचे त्याने त्या साधावयाच्या, असा नियम होता. अंघोळ, भरविणे, कपडे बदलणे ही कामे मात्र सावकाश, मुलाशी बोलत करावयाची असत. दुसरा प्रवाह पालकांच्या स्वावलंबनाचा. न्यूझीलंडमध्ये १९४१ पासून प्लेसेंटर आणि ब्रिटनमध्ये १९६१ पासून प्लेग्रुप या चळवळींनी, शासनाची वाट न पाहता पालक स्वतः बालगट चालवू शकतात, हे दाखवून दिले होते.

‘प्रेरित’ या शब्दाचेही प्रयोजन आहे. वॉल्डॉर्फ हे नाव अमेरिका, जर्मनी इत्यादी देशांत त्या त्या शाळांच्या महासंघांनी नोंदविलेले आहे. ते कोणालाही वाटेल तसे वापरता येत नाही. म्हणून संघाबाहेरील गट स्वतःस वॉल्डॉर्फ-प्रेरित म्हणवितात.

३. एका सकाळचा क्रम

गटाची सकाळ दर आठवड्यास त्याच क्रमाने जाते, आणि हा क्रम न बदलणे हाच पद्धतीचा गाभा मानला जातो. सर्वसाधारणपणे तो असा असतो. संचालिका अर्धा तास आधी येऊन सभागृहाचा एक कोपरा तयार करते : लाकडी ठोकळे, कापडाचे तुकडे, टोपल्या, देवदाराची फळे, साध्या बाहुल्या. मंडळी येऊ लागतात तेव्हा ती स्वतः टेबलाशी कामास बसलेली असते. बहुधा ते काम पावाची कणीक मळण्याचे असते. येणारे पालक हात धुऊन कामात सामील होतात. मुलांना बोलाविले जात नाही. काही टेबलाशी येतात, कणकेचा गोळा मागतात. काही ठोकळ्यांकडे जातात. काही आईच्या मांडीवरून उतरतच नाहीत. तिन्ही गोष्टी ग्राह्य समजल्या जातात.

पाव भट्टीत गेला की आवराआवर होते, तीही गाण्याच्या ओघात. नंतर फेर धरून ऋतूला अनुसरून दोन-तीन हालचालींची गाणी होतात. मग सर्वजण एका मेजाभोवती बसून तोच पाव खातात. त्यानंतर काही वेळ बाहेर, आणि शेवटी मेजावरच्या बाहुल्यांच्या साहाय्याने एक छोटी गोष्ट व निरोपाचे गाणे. तीच गोष्ट तीन-चार आठवडे सांगितली जाते. प्रौढास याचा कंटाळा येतो. मुलास येत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असणे ही दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने सुरक्षिततेची खूण असते. एक गाणे संपले की खाऊ, हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यास कळते, आणि ‘चला, आवरा’ असे म्हणण्याची गरज उरत नाही. हीच युक्ती पालक घरी झोपेच्या वेळी वापरू लागला, तर गटाचा एक हेतू सफल झाला असे समजावे.

४. अनुकरणाचे तत्त्व आणि त्याचा पुरावा

स्टायनर यांचे प्रतिपादन त्यांच्या गूढविद्येच्या परिभाषेत मांडलेले आहे. मूल जे पाहते त्याने त्याची शारीरिक इंद्रिये घडतात, असेही ते म्हणतात. या भागास शास्त्रीय आधार नाही. परंतु अनुकरणाच्या सामान्य तत्त्वाचा प्रायोगिक अभ्यास गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ झाला असून तो लक्षात घेणे अवश्य आहे.

नवजात अर्भके चेहऱ्यावरील हालचालींचे अनुकरण करतात, असा निष्कर्ष मेल्टझॉफ व मूर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये ओस्टनब्रुक व सहकाऱ्यांनी १०६ अर्भकांचा काही आठवडे पाठपुरावा केला असता त्यांना तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा जन्मतःच अनुकरण, हे विधान आज निश्चयाने करता येत नाही. पुढील वयाविषयी मात्र पुरावा भक्कम आहे. हॉर्नर व व्हाइटन यांनी २००५ मध्ये तीन-चार वर्षांची मुले आणि चिंपांझी यांना एक पेटी उघडून दाखविली. उघडताना काही निरर्थक क्रियाही मुद्दाम केल्या. पेटी पारदर्शक असता चिंपांझींनी त्या क्रिया गाळल्या, मुलांनी त्या तशाच केल्या. मनुष्याचे मूल केवळ फळाकडे पाहत नाही. मोठी माणसे ‘कसे’ करतात याकडे त्याचे लक्ष अधिक असते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग गेर्गेली, बेकरिंग व किराय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. चौदा महिन्यांच्या मुलांसमोर एका स्त्रीने कपाळ टेकवून दिवा लावला. एका गटासमोर तिचे हात मोकळे होते. दुसऱ्यासमोर ते शालीत गुंतलेले होते. पहिल्या गटातील ६९ टक्के मुलांनी पुढे स्वतः कपाळाने दिवा लावून पाहिला, दुसऱ्यातील केवळ २१ टक्क्यांनी. हात मोकळे असूनही ती असे करते, त्या अर्थी त्यात काही विशेष असले पाहिजे, असा तर्क मूल करीत असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला. या अर्थावर पुढे मतभेद झाले. तो मान्य केल्यास असे म्हणता येईल की, प्रौढाने ठरवून, मनापासून केलेली कृती मूल वेगळी ओळखते.

कणीक मळण्याचे स्थान यावरून समजते. मुलाचे लक्ष वेधण्यासाठी केलेला देखावा आणि खरोखरच खावयाच्या पावासाठी केलेले काम यांत फरक आहे. दुसऱ्यात हातांना घाई नसते, पिठाचा लगदा झाला तर दुरुस्त करावा लागतो, आणि शेवटी पाव तयार होतो किंवा बिघडतो. म्हणून अनुभवी संचालिका मुलांना गुंतविण्यासाठी उपक्रम आखत नाही. आपल्यासाठी खरे काम शोधते. फाटलेली बाहुली शिवणे, सफरचंदे चिरणे, मेज पुसणे, यांपैकी काहीही चालेल.

५. संचालिकेपुढील अडचण

येथवर सर्व सोपे वाटते. वस्तुतः याच तत्त्वातून गटाची सर्वांत कठीण अडचण उद्भवते. अनुकरण मुलापुरते मर्यादित नाही. पालकही संचालिकेकडे पाहून शिकत असतो. दोन मुले एकाच टोपलीसाठी झगडू लागली की सर्व आया एकदम पुढे होतात. कोणी आपल्या मुलाला दे म्हणून दटावते, कोणी क्षमा मागते. संचालिका जवळ जाऊन बसते, कोणी कोणास मारणार नाही इतका हात मध्ये ठेवते, आणि थांबते. पुष्कळदा अर्ध्या मिनिटात टोपली कोणाकडे तरी राहते आणि दुसरे मूल निघून जाते. पाहणाऱ्या आईने यातून घ्यावयाचा धडा शब्दांनी दिला तर तो उपदेश होतो आणि ती दुखावते. न दिला तर ती कदाचित काहीच घेत नाही. म्हणून अनेक गट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, मुले झोपल्यावर, फक्त प्रौढांची बैठक घेतात. सकाळी बोलावयाचे नाही ते तेथे बोलावयाचे.

याहून गंभीर गोष्ट अपराधभावनेची. ‘तुम्ही अनुकरणास योग्य व्हा’ हे वाक्य तत्त्व म्हणून उदात्त आहे. परंतु रात्रभर न झोपलेल्या, दिवसभर एकटी असलेल्या आईच्या कानी ते पडले की त्याचा अर्थ ‘मुलाच्या प्रत्येक दोषाचे मूळ तुझ्यात आहे’ असा होतो. लाकडी खेळणी, घरचा पाव, दूरचित्रवाणीविरहित घर यांची यादी झाली की ज्यांच्या घरी हे शक्य नाही त्या आया हळूहळू येईनाशा होतात, आणि गट आधीच पटलेल्या लोकांचे मंडळ बनतो. गटाचे यश त्याच्या सौंदर्यावरून मोजू नये. तिसऱ्या आठवड्यानंतर कोण यावयाचे थांबले, हे पाहावे. ज्या संचालिकेचा पाव कधी करपतो आणि ती तो हसून बाजूला ठेवते, तिच्या गटात सामान्य माणसे टिकतात. चूक झाल्यावर प्रौढ काय करतो, हेही अनुकरणीयच आहे.

६. व्यवस्थेचे काही मुद्दे

पालक सतत उपस्थित असल्याने मुलाची जबाबदारी त्याचीच राहते. इंग्लंडमध्ये याच कारणास्तव अशा गटांना पाळणाघराप्रमाणे नोंदणी करावी लागत नाही. तरी हे प्रथम दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण सभागृहात शिरताच अनेक पालक निर्धास्त होतात. आठ ते दहा कुटुंबे ही सोयीची मर्यादा होय. त्यापुढे फेर आणि मेज दोन्ही आवाक्याबाहेर जातात. नैसर्गिक वस्तूंच्या आवडीपोटी धोके दुर्लक्षिले जाऊ नयेत : अक्रोडाची टरफले, बिया व मणी दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, एक वर्षाखालील मुलास पावावरचा मध देणे घातक ठरू शकते, कारण त्यातून अर्भकांना बोट्युलिझम हा विकार होण्याचा संभव असतो, मेणबत्ती मोठ्यांच्याच हाती हवी. खर्चाच्या बाबतीत सभागृहाचे भाडे, विमा, पीठ व संचालिकेचे मानधन या चार बाबी असतात. ऐपतीप्रमाणे वर्गणी घेणारे गट आपला पायंडा दारावर लिहून ठेवतात. विचारावयास लावणे म्हणजे नाकारणेच होय.

७. मतप्रणाली आणि प्रामाणिकपणा

स्टायनर यांच्या शिक्षणविचारामागे पुनर्जन्म, सप्तवार्षिक अवस्था, सूक्ष्म देह इत्यादी कल्पनांची सुसंगत मांडणी आहे. समाजगृहात येणाऱ्या बहुतेक पालकांना तिची कल्पना नसते. ती त्यांच्यावर लादणे अनुचित, आणि लपविणेही अनुचित. काही वॉल्डॉर्फ वर्तुळांत लसीकरणाविषयी जी साशंकता आढळते, तिला गटात आरोग्यविषयक सल्ल्याचे रूप मिळू देणे तर सर्वथा गैर होय. पद्धतीपैकी कोणती गोष्ट अनुभवाने पटलेली आहे, कोणती संशोधनाने आणि कोणती केवळ श्रद्धेने, हे संचालिकेने विचारणाऱ्यास सरळ सांगावे. एवढे पथ्य पाळल्यास श्रद्धा न मानणाऱ्यासही या पद्धतीपासून पुष्कळ घेता येते.

८. समारोप

या प्रयोगाचा आपल्याकडील बालशिक्षणाशी काही संबंध पोहोचतो काय? मुंबईत २००० सालापासून वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा चालू आहे, तेव्हा हा विचार येथे अपरिचित नाही. तथापि अधिक जवळचा दुवा तत्त्वाचा आहे. ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसोरी पद्धतीपासून आरंभ केला आणि १९४५ नंतर बोर्डीच्या वस्त्यांत शाळा मुलांच्या अंगणात नेली. तेथे आई दाराशी उभी राहून, कामाच्या अधूनमधून, सर्व पाहू शकत होती. परदेशी पद्धतीचे साहित्य तसेच्या तसे आणण्याऐवजी त्यांनी वस्तीतील वस्तूंतून ते उभे केले. वॉल्डॉर्फ-प्रेरित गट काढू इच्छिणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा. जर्मन ऋतुगीते आणि देवदाराची फळे येथे निरर्थक आहेत. कणीक मात्र प्रत्येक घरी रोज मळली जाते, भाजी निवडली जाते, धान्य पाखडले जाते, आणि बहुधा त्याच वेळी मुलास ‘तू जा, खेळ’ असे सांगून दूर पाठविले जाते. आईने त्यास जवळ बसू द्यावे, त्याच्या हाती चिमूटभर कणीक द्यावी आणि आपले काम चालू ठेवावे. गटाने तिला शिकवावयाचे ते मुख्यतः इतकेच.