सॉ मिलवर काम देताना माप समजून घ्या

बीड जिल्ह्यात घराला चौकटी बसवायच्या असोत, दुकानात फळ्या लावायच्या असोत की बैलगाडी दुरुस्त करायची असो, सॉ मिल गाठावीच लागते. घरच्या लोकांनी चालवलेल्या मिलवर हव्या त्या मापाचे काम करून मिळते, ही मोठी सोय. पण व्यवहार तोंडी झाला की मापावरून तंटे होतात. म्हणून हिशेब प्रत्येकाला यायला हवा.

गोल लाकडाचा घेर इंचांत मोजून त्याचा चौथा भाग घेतात. त्याला त्यानेच गुणून, फुटांतील लांबीने गुणून 144 ने भागतात. घेर 48 इंच व लांबी 10 फूट असेल तर 12×12×10 भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. ही सूट कटाईतील तुटीपोटी धरलेली असते. तेव्हा भाव गोल मालाचा की चिरलेल्या मालाचा, हे आधी विचारावे.

चिरलेल्या मालात रुंदी व जाडी इंचांत, लांबी फुटांत. 5×3 इंची चौकटीला दोन उभे 7 फूट आणि एक आडवा 4 फूट, एकूण 18 फूट. म्हणजे पावणेदोन घनफुटांहून थोडे जास्त.

आऱ्याचा प्रत्येक काप लाकूड खातो, रंधाही खातो. त्यामुळे 4 इंची तुकड्यातून इंचाच्या चार पुऱ्या फळ्या निघत नाहीत. माप रंध्यापूर्वीचे की नंतरचे, हे लिहून घ्यावे.

कापडाप्रमाणे लाकूडही आटते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. ओल्या बाभळीचे वा कडुनिंबाचे दार बसवले तर फटी पडणारच. घाई असेल तर सुकलेला माल घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी.

कायद्याचीही बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 1997 रोजी महाराष्ट्रातील विनापरवाना सॉ मिल बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे जुना परवाना ही घराण्याची दौलत ठरली. वाटणीत तो आधी सांभाळावा. गिऱ्हाइकानेही पक्के बिल घ्यावे. साग, आंबा, चिंच ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडून मिलवर आणू नयेत.

लाकडाची जात, माप, सुके की ओले, मजुरी आणि तारीख: या पाच गोष्टी चिठ्ठीवर असल्या की मिलवाला व गिऱ्हाईक दोघांचीही इभ्रत राहते.